डिफेन्सच्या पोरासाठी ट्रेड अप करणारे सगळेच येडे? अँडरसनचा हिशोब मांडून बघू

एप्रिल आला की एनएफएलच्या ड्राफ्टआधी एक वाक्य हमखास फिरायला लागतं: "वर उडी मारायची तर फक्त क्वार्टरबॅकसाठी, डिफेन्सच्या खेळाडूसाठी तीन-तीन पिक उधळणारी टीम स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेते." सोबत चार कारणं असतात. पिकच्या किमतीच्या चार्टवर तोटा होतो, ड्राफ्ट लॉटरी आहे, असेच वर जाऊन घेतलेले आणि फसलेले डेव्हनपोर्ट आणि डिऑन जॉर्डन आठवा, आणि एका डिफेंडरने काय घंटा फरक पडतो, पास रशर बाजारातून घेता येतो. मी ह्युस्टनला राहतो, टेक्सन्स माझी टीम, त्यामुळे माझा कल कुठे हे आधीच सांगून टाकतो, मागून कोणी म्हणायला नको.

ज्यांना हा खेळ नवीन आहे त्यांच्यासाठी एवढंच, हा अमेरिकन फुटबॉल, पाय कमी हात जास्त. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकून हल्ला चालवणारा, आणि पास रशर किंवा एज रशर म्हणजे त्याला आडवा पाडायला धावणारा डिफेंडर. ड्राफ्टमध्ये कॉलेजच्या पोरांची निवड होते, सगळ्यात बेकार खेळलेली टीम पहिली निवडते, आणि त्या नंबराला पिक म्हणतात (शेतातलं पीक नव्हे). आयपीएलसारखी बोली लागत नाही, पण नंबर विकता-बदलता येतात. खालचे दोन-तीन नंबर देऊन वरचा घेतला की झालं ट्रेड अप.

आता २७ एप्रिल २०२३ ची रात्र. पुण्यात माझा भाऊ शुक्रवारी पहाटे साडेपाचला उठून बसलेला, इकडे आम्ही जेवणं आटपून. टेक्सन्सने दुसऱ्या पिकवर सी. जे. स्ट्राउड घेतला, क्वार्टरबॅक मिळाला, घरात टाळ्या. आणि लगेच बातमी आली की ॲरिझोनाकडून तिसरा पिकसुद्धा आपणच घेतलाय, अलाबामा विद्यापीठाच्या पास रशर विल अँडरसनसाठी. दिलं काय तर १२वा, ३३वा, पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा आणि तिसऱ्या फेरीचा. मिळालं काय तर ३रा आणि १०५वा. भावाचा पहिला मेसेज, "अरे विकलं काय टीमला?"

पहिला मुद्दा, चार्ट. ९० च्या दशकाच्या सुरुवातीला कोच जिमी जॉन्सनच्या डॅलस काउबॉईजनी प्रत्येक पिकला मार्क देणारा तक्ता बनवला, तो आजही लोक तोंडपाठ म्हणतात. त्यात ३ऱ्याला २२००, १२व्याला १२००, ३३व्याला ५८०, १०५व्याला ८४. म्हणजे त्याच ड्राफ्टचे पिक धरले तर टेक्सन्सनी १७८० देऊन २२८४ घेतले, ५०४ ची उधारी राहिली, आणि ती फेडायला पुढच्या वर्षीचे दोन पिक. लोक बोंबलत होते ते इथेच. २०२२ मध्ये टेक्सन्स ३ जिंकले, १३ हरले, १ बरोबरीत, म्हणून तर दुसरा नंबर मिळाला, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तशीच माती खाल्ली असती तर दुसऱ्या नंबरचे २६०० मार्क ॲरिझोनाच्या घशात गेले असते. ५०४ च्या उधारीला २६००, ही तर सावकारीच झाली.

पण झालं काय? टीम १० जिंकली ७ हरली, डिव्हिजन म्हणजे आपला गट जिंकली, प्लेऑफमध्ये क्लीव्हलँडला ४५-१४ धुतलं, आणि तो पहिल्या फेरीचा पिक घसरत घसरत २७व्या नंबरवर आला, तिसऱ्या फेरीचा ९०व्यावर. ६८० अधिक १४०, म्हणजे ८२०. जास्तीचे गेले ३१६, साधारण ५८व्या पिकएवढे. दुसऱ्या फेरीच्या शेपटातला एक खेळाडू, तेवढी किंमत.

इथे एक बारीक गोष्ट आहे जी मला स्वतःला फार आवडते. आधीचा क्वार्टरबॅक डेशॉन वॉटसनला क्लीव्हलँडला दिल्यामुळे टेक्सन्सकडे २०२४ चे पहिल्या फेरीचे दोन पिक होते, एक स्वतःचा आणि एक क्लीव्हलँडचा (तो १२वासुद्धा क्लीव्हलँडचाच, बरं का). मॅनेजर निक कॅसेरिओने स्वतःचा दिला आणि क्लीव्हलँडचा ठेवला. सगळे म्हणाले उलटं केलं, आपली टीम बेकार, आपला पिक वरचा येणार. आला कुठे, आपला २७वा आणि क्लीव्हलँडचा २३वा. जो दिला तोच स्वस्त निघाला.

तर चार्टवाल्यांना माझं म्हणणं एवढंच की पुढच्या वर्षीचा पिक हा कोरा चेक असतो, त्यावरचा आकडा पुढच्या जानेवारीत लिहिला जातो आणि तो तुमचाच खेळ लिहितो. आता कोणी म्हणेल की हे सगळं स्ट्राउडमुळे जमलं. हो, जमलंच! माझा मुद्दाच तो आहे. क्वार्टरबॅक हातात आल्यावर डिफेंडरसाठी उडी मारणं आणि क्वार्टरबॅक नसताना मारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ते फिरणारं वाक्य दोन्हींना एकाच काठीने हाणतं.

लॉटरीचा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही, त्याच्या मागे दमदार अभ्यास आहे. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर (हेच थेलर ज्यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं) यांनी दाखवलं की आधी निवडलेला खेळाडू त्याच पोझिशनच्या त्यानंतर निवडलेल्या खेळाडूपेक्षा भारी निघण्याची शक्यता नाणेफेकीपेक्षा जेमतेमच जास्त असते. आपल्याच विरोधात अजून एक उदाहरण देतो, २०२१ ला काउबॉईज १०व्यावरून १२व्यावर खाली सरकले, वर तिसऱ्या फेरीचा पिक मिळवला, आणि १२व्यावर त्यांना पुढे नावाजलेला पास रशर झालेला मायका पार्सन्स मिळाला. घ्या. पण त्या अभ्यासातले ड्राफ्ट २०११ च्या आधीचे आहेत आणि तेव्हा वरचे पिक म्हणजे पांढरा हत्ती असायचा. २०१० चा पहिला पिक सॅम ब्रॅडफर्ड, ६ वर्षांचे ७ कोटी ८० लाख डॉलर, त्यातले ५ कोटी खात्रीचे, एकही मॅच न खेळता. २०११ ला लीग आणि खेळाडूंमध्ये नवा करार झाला, नवख्यांच्या पगाराला लगाम बसला, आणि त्याच वर्षीचा पहिला पिक कॅम न्यूटन ४ वर्षांच्या २ कोटी २० लाखांत आला. अँडरसनचा करार ४ वर्षांचा, साधारण साडेतीन कोटी डॉलर. त्याच २०२३ च्या सप्टेंबरात फोर्टीनायनर्सने पास रशर निक बोसाला वर्षाला ३ कोटी ४० लाख दिले. एकाची चार वर्षं म्हणजे दुसऱ्याचं एक वर्ष! आणि वाचलेल्या पैशात अख्खी डिफेन्सची लाईन उभी राहते.

तिसऱ्या मुद्द्याची तर गंमतच आहे. डिऑन जॉर्डन, २०१३, मायामीने १२वा आणि ४२वा देऊन ओकलंडकडून ३रा घेतला. काढा तो चार्ट. १२०० अधिक ४८०, दिले १६८०, मिळाले २२००. म्हणजे चार्टच्या हिशोबाने मायामीने ओकलंडला लुटलं! पोरगा पुढे सस्पेन्शनमध्ये अडकला आणि मायामीसाठी एकूण ३ सॅक (क्वार्टरबॅकने चेंडू फेकायच्या आत त्याला आडवा पाडणं) करून गेला, ते खरं, पण मग पहिला मुद्दा आणि तिसरा मुद्दा एकमेकांचे पाय ओढतायत हे कोणाच्या लक्षात कसं येत नाही? (ओकलंडने त्या दोन पिकमधून घेतलेले डी. जे. हेडन आणि मेनेलिक वॉटसन, त्यांच्याबद्दलही कोणी पोवाडे गात नाही.) डेव्हनपोर्टचं पण तेच, २०१८ ला सेंट्सने २७वा, पाचव्या फेरीचा एक आणि पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा देऊन १४वा घेतला, ड्रू ब्रीससारखा क्वार्टरबॅक असल्यामुळे तो पुढचा पिक ३०वा आला, किंमत काही जीवघेणी नव्हती. खेळाडू सतत जखमी, एका सीझनला जास्तीत जास्त ९ सॅक. तो २७व्यावर घेतला असता तरी जखमी झालाच असता ना.

आणि जेट्सचा कॉर्नर (पास पकडणाऱ्याला अडवणारा डिफेंडर) डॅरेल रेव्हिस? २००७ ला २५व्यावरून १४व्यावर जाऊन घेतलेला, २०२३ ला हॉल ऑफ फेममध्ये. कॅरोलायनाला बदल्यात जे मिळालं त्यातून जॉन बीसन आणि रायन कलील आले, दोघेही प्रो बोलवाले (लीगच्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडलेले). दोघांचंही भलं झालं. स्टीलर्सचा ट्रॉय पोलामालू, २००३, २७व्यावरून १६व्यावर, तोही हॉल ऑफ फेममध्ये. ही नावं त्या यादीत कधीच नसतात.

बाजारातून पास रशर घेऊ म्हणणाऱ्यांनी बाजारभाव विचारून यावं. चांगला रशर ऐन तिशीच्या आत मोकळा सुटतच नाही, टीम एकतर करार वाढवते नाहीतर टॅग लावते, म्हणजे त्याला आणखी एक वर्ष अडकवून ठेवते. सुटला तर कसा? २०१८ ला खलील मॅकसाठी शिकागोने दोन पहिल्या फेरीचे पिक दिले. २०२५ ला पार्सन्ससाठी पॅकर्सनी दोन पहिल्या फेरीचे, वर केनी क्लार्क हा खेळाडू, आणि मग ४ वर्षांचे १८ कोटी ८० लाख डॉलर. त्यापुढे अँडरसनची किंमत भाजीबाजारातली वाटते. पहिल्या वर्षी ७ सॅक आणि डिफेन्सचा सर्वोत्तम नवखा, दुसऱ्या वर्षी ११.

पण सगळ्या डिफेंडरांना हे लागू नाही, एज रशर आणि कॉर्नर एवढ्यांपुरतंच मी बोलतोय. मधल्या लाईनबॅकरसाठी (डिफेन्सच्या लाईनच्या मागे उभा राहणारा) उडी मारू नये, स्टीलर्सनी २०१९ ला डेव्हिन बुशसाठी २०व्यावरून १०व्यावर जायला दुसऱ्या फेरीचा आणि पुढच्या वर्षीचा तिसऱ्या फेरीचा पिक दिला आणि चार वर्षांत तो निघून गेला. एजसाठीसुद्धा हप्त्या-हप्त्याने किंमत वाढत गेली की मी त्या फिरणाऱ्या वाक्याच्या बाजूने. २०२४ चे वायकिंग्स बघा, आधी आमच्याकडून तो क्लीव्हलँडचा २३वा घ्यायला दुसऱ्या फेरीचे दोन पिक मोजले, मग जॅक्सनव्हिलला तो २३वा देऊन वर आणखी तीन पिक, कशासाठी तर १७व्यावर डॅलस टर्नर. जॅक्सनव्हिलने २३व्यावर पास पकडणारा ब्रायन थॉमस घेतला आणि त्याने पहिल्याच वर्षी १२८२ यार्ड काढले.

आणि २०२५ ला अटलांटाने जेम्स पिअर्सच्या २६व्या पिकसाठी ४६वा आणि २०२६ चा पहिल्या फेरीचा देऊन टाकला, तेव्हा त्यांचा क्वार्टरबॅक पेनिक्स सुरुवातीपासून जेमतेम तीन मॅच खेळलेला. भावाचा लगेच मेसेज, "बघ, तुझ्या अँडरसनसारखंच." मी म्हटलं नाही रे, हा कोरा चेक मी दिला नसता.