शंभर गिल्डरची मोलकरीण

डहाणूच्या शाळेतल्या आमच्या ग्रुपवर तिथे होऊ घातलेल्या वाढवण बंदरावरून पुन्हा जुंपली आहे. एक बाजू म्हणते, सोपारा, कल्याण, चौल दोन हजार वर्षांपूर्वी रोमशी व्यापार करत होते, सिंधुबंदीने, म्हणजे समुद्र ओलांडायच्या धार्मिक मनाईने, आपण दर्याकडे पाठ फिरवली. आता ७६,२०० कोटींचं बंदर येतंय तर आडवे का येता? दुसरी म्हणते, किनारा मेला की बंदर काय चाटायचंय? मग कुणीतरी हमखास लिहितो, "हॉलंड बघा, एवढासा देश!" आणि माझी साक्ष काढली जाते.

हॉलंड रोजच बघतो. मी राहतो त्या होर्न गावच्या चौकात यान पीटरझोन कूनचा पुतळा आहे, १८९३ पासून. डच ईस्ट इंडिया कंपनीचा हा गव्हर्नर जनरल इथलाच. जायफळाचा मक्ता मिळवायला त्याने १६२१ मध्ये आजच्या इंडोनेशियातली बांदा बेटं उजाड केली. पंधरा हजारांच्या आसपास वस्ती होती, हजारभर उरली. पुतळ्याखालच्या फलकावर आता टीकेच्याही चार ओळी आहेत, पण पुतळा आहेच.

तरी गलबतं आणि तोफा पोर्तुगीजांकडेही होत्या. डचांची करामत कागदावरची. १६०२ मध्ये कंपनीने भांडवल लोकांकडून गोळा केलं, सुमारे ६४ लाख गिल्डर (तिथलं तेव्हाचं नाणं). एकट्या ॲमस्टरडॅमच्या वहीत ११४३ नावं आहेत. ज्या संचालकाच्या घरी नोंदणी चालली होती, तिथली मोलकरीण नील्टखेन कॉर्नेलिस हिचंही, शंभर गिल्डरपुढे. समुद्राच्या पैशात मोलकरणीचा वाटा! बांदाच्या माणसाचं नाव मात्र त्या वहीत येण्याचा प्रश्नच नव्हता. जायफळ त्याचं होतं, एवढंच.

म्हणून "बंदर हवं की नको" या भांडणात माझं मन रमत नाही. रॉटरडॅमला समुद्र बुजवून बंदर वाढवायचं ठरलं, तेव्हा २००५ मध्ये न्यायालयाने आराखड्याला खोडा घातला. माशांच्या पिल्लांचं काय होईल, याचा अभ्यास अपुरा होता. सरकारला फेरअभ्यास करावा लागला, भरपाई म्हणून समुद्राचा मोठा पट्टा राखावा लागला. बंदर २०१३ मध्ये सुरू झालंच. उशीर झाला म्हणून देश बुडाला नाही.

वाढवणच्या कंपनीत ७४ टक्के जेएनपीएचे (उरणजवळचं सरकारी बंदर, पूर्वीचं जेएनपीटी), २६ टक्के महाराष्ट्र सागरी मंडळाचे. बेरीज शंभर झाली. कोळ्याच्या वाट्याला भरपाई, आणि भरपाईचा अनुभव उरणला विचारा: जेएनपीटी १९८९ मध्ये सुरू झालं, घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळायच्या साडेबारा टक्के भूखंडांसाठी प्रकल्पग्रस्त पंचवीस वर्षांनंतरही झगडत होते. वाढवणला भरपाईऐवजी भागीदारी का नको?

एवढं सगळं मी ग्रुपवर लिहिलं. वर्गातला एक जण आता नाखवा आहे, त्याचं उत्तर दोन मिनिटांत आलं. "शेअर घेईन रे. पण बोंबील कुठे सुकवायचे?"

त्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही.