मोमोच्या डोक्यावरचा कॉमा

सध्या इंदूरच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय. सोबत एका ठेल्याचा फोटो आहे. लाल फ्लेक्सवर पिवळ्या इंग्रजी अक्षरांत 'मोमो'ज' लिहिलंय आणि शेवटच्या एसच्या आधी डोक्यावर एक कॉमा आहे, म्हणजे अ‍ॅपॉस्ट्रॉफी. खाली पाच मुद्दे. इंग्रजीत अनेकवचनासाठी अ‍ॅपॉस्ट्रॉफी कधीच, कुठल्याही परिस्थितीत लागत नाही. ते चिन्ह फक्त मालकी दाखवतं. हा नियम इंग्रजी जन्मली तेव्हापासूनचा आहे. अस्सल इंग्रज ही चूक करत नाही, हा आपल्याकडचा अडाणीपणा. आणि या एका कॉमाने अर्थाचा अनर्थ होतो. शेवटी चिमटा: 'स्वच्छतेत इंदूर नंबर वन, मग बोर्डांवरचा हा कचरा कोण उचलणार?'

मी भंवरकुआला क्लासमध्ये इंग्रजी शिकवतो, त्यामुळे सुदामानगरपासून लोकमान्यनगरपर्यंतच्या काका-काकूंनी 'सर, बघा हो जरा' म्हणत तो माझ्याकडे पाठवला. बघितला. आधी एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो: आजच्या छापील इंग्रजीत साध्या नामाचं अनेकवचन अ‍ॅपॉस्ट्रॉफीशिवायच होतं. विद्यार्थ्याने पेपरात 'बुक'च्या अनेकवचनात तो घातला, तर मी लाल गोल करतो आणि पुढेही करणार. माझी तक्रार त्या नियमाला चिकटवलेल्या बनावट इतिहासाबद्दल आणि ठेलेवाल्याला दिलेल्या शिव्यांबद्दल आहे.

पहिला मुद्दा, 'कधीच नाही'. इंग्रजीतलं छोटं आय हे अक्षर घ्या. एका शब्दात ते दोनदा आलंय, हे लिहून सांगायचंय. नुसता एस जोडला की 'इज' हा शब्द तयार होतो. छोट्या ए-ला एस जोडला की 'अ‍ॅज'. वाचणारा अडखळणारच. म्हणून छोट्या अक्षरांच्या अनेकवचनात अ‍ॅपॉस्ट्रॉफी घालावा, असं अमेरिकेतलं शिकागो मॅन्युअल सांगतं. संपादक मंडळी ज्याला प्रमाण मानतात, तेच हे पुस्तक. गंमत पुढे आहे. मोठ्या अक्षरांना शिकागोवाले अ‍ॅपॉस्ट्रॉफी लावत नाहीत, पण असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची शैली सुट्या मोठ्या अक्षरालाही तो लावते. प्रगतिपुस्तकात चार 'ए' मिळाले असं लिहायचं, तर ए, मग कॉमा, मग एस. 'काय करावं, काय करू नये' या अर्थाच्या 'डूज अँड डोन्ट्स'मध्ये असोसिएटेड प्रेस पहिल्या शब्दात अ‍ॅपॉस्ट्रॉफी घालते, शिकागो घालत नाही. दोघेही जाणते, दोघेही आपापल्या जागी ठाम. अमेरिकेतल्या अ‍ॅथलेटिक्स या बेसबॉल संघाच्या टोपीवर तर 'ए'चं हेच अनेकवचन अ‍ॅपॉस्ट्रॉफीसकट भरतकाम करून मिरवतात.

दशकांचंही तेच. 1980 ते 1989 या वर्षांना एकत्र म्हणायचं तर आज बहुतेक जण आकड्याला थेट एस जोडतात. पण न्यूयॉर्क टाइम्स हे वर्तमानपत्र वर्षानुवर्षे मधे अ‍ॅपॉस्ट्रॉफी घालूनच छापत होतं. तेव्हा 'कधीच नाही' हे वाक्य इथेच निकालात निघतं. फार तर 'साध्या नामात नाही' असं म्हणा, मी सही करतो.

दुसरा मुद्दा किरकोळ आहे, लवकर उरकतो. अ‍ॅपॉस्ट्रॉफी फक्त मालकीचा असता तर 'डोन्ट' आणि 'कान्ट'मध्ये तो कोणाच्या मालमत्तेवर बसलाय? सोळाव्या शतकात हे चिन्ह फ्रेंचांकडून इंग्रजीत आलं ते गळलेल्या अक्षराची जागा दाखवायला. मालकीचं काम नंतर चिकटलं, कारण जुन्या इंग्रजीतल्या षष्ठीच्या ई-एस या प्रत्ययातला ई गळत चालला होता. उलट 'हिज', 'अवर्स', 'युअर्स', 'इट्स' ही चक्क मालकी दाखवणारी मंडळी आज अ‍ॅपॉस्ट्रॉफीशिवाय नांदतायत.

आता तिसरा मुद्दा, 'नियम इंग्रजी जन्मल्यापासूनचा'. इथे थोडं थांबायला हवं, कारण खरी मजा इथेच आहे. सतराव्या-अठराव्या शतकात, म्हणजे मल्हारराव होळकर माळव्यात जम बसवत होते त्याच्या आगेमागे, इंग्लंडमधले शिकलेसवरलेले मुद्रक आणि लेखक परभाषेतून आलेल्या, शेवटी स्वर असलेल्या शब्दांचं अनेकवचन अ‍ॅपॉस्ट्रॉफी घालून करत. आणि ती तेव्हा चूक मानली जात नव्हती. ऑक्सफर्डच्या लिओनार्ड लिचफील्ड या मुद्रकाने 1641 मध्ये छापून कबुली दिली की आमच्याकडून 'इराटा'ज' राहिलेत. इराटा म्हणजे छपाईच्या चुका. तो शब्द लॅटिनमध्ये मुळातच अनेकवचनी, त्यावर याने पुन्हा इंग्रजी अनेकवचन चढवलं, तेही कॉमासकट! फिलिप लकम्ब 1771 मध्ये लिहीत होता तो मुद्रणकलेवरच, आणि त्याने कॉमा या चिन्हाचंच अनेकवचन 'कॉमा'ज' असं केलं. विरामचिन्हांचे नियम सांगणाऱ्याच्याच हातून हे झालंय, हे मेसेजवाल्या काकांना कोणीतरी सांगा.

या प्रथेमागे कारणही होतं. इंग्रजी शब्द सहसा ए किंवा ओ या अक्षरांवर संपत नाहीत. परका शब्द तसा संपला आणि त्याला नुसता एस चिकटवला, की वाचणाऱ्याला मूळ शब्द कुठे संपला ते चटकन कळत नाही. अ‍ॅपॉस्ट्रॉफी ती सीमा दाखवायचा. डच भाषेत हा आजही अधिकृत नियम आहे. फोटो, टॅक्सी, ऑटो यांचं अनेकवचन डच माणूस अ‍ॅपॉस्ट्रॉफी घालूनच लिहितो, आणि नाही घातला तर मास्तर मार्क कापतात, कारण मग तो स्वर ऱ्हस्व वाचला जाईल.

आता परत फोटोतल्या ठेल्याकडे बघा. मोमो हा परका शब्द, शेवटी ओ. इंग्रजीत ओ-वाल्यांचा आधीच गोंधळ: पोटॅटो आणि टोमॅटोच्या अनेकवचनात ई-एस लागतो, फोटो आणि पियानोच्या अनेकवचनात नुसता एस. मोमोचं काय करायचं? अशा वेळी पेंटरने मधे एक कॉमा टाकला. लिचफील्डच्या छापखान्यात त्याला कोणी हटकलं नसतं.

मालकीचा अ‍ॅपॉस्ट्रॉफीसुद्धा लगेच स्थिर झालेला नाही. 'इट्स' हा मालकीदर्शक शब्द अमेरिकेच्या 1787 च्या राज्यघटनेत, पहिल्या कलमाच्या दहाव्या विभागात, अ‍ॅपॉस्ट्रॉफीसकट आहे. आज माझ्या क्लासमध्ये तो लाल गोलात गेला असता.

चौथा मुद्दा, 'इंग्रज ही चूक करत नाही'. करतो हो, आणि इतकी करतो की त्या चुकीला तिथे नावच आहे: भाजीवाल्याचा अ‍ॅपॉस्ट्रॉफी. तिकडच्या भाजीवाल्यांच्या पाट्यांवर अ‍ॅपल, बनाना, कॅरट सगळ्यांच्या डोक्यावर कॉमा. जॉन रिचर्ड्स या निवृत्त पत्रकाराला ते इतकं सललं, की त्यांनी 2001 मध्ये अ‍ॅपॉस्ट्रॉफी प्रोटेक्शन सोसायटी काढली. 2019 मध्ये, वयाच्या नव्वदीत, अज्ञान आणि आळस जिंकले म्हणत त्यांनी ती बंद केली. बर्मिंगहॅम नगरपालिकेने तर 2009 मध्ये रस्त्यांच्या पाट्यांवरून अ‍ॅपॉस्ट्रॉफी सरसकट बाद करायचं जाहीर केलं. राहिला अडाणीपणा. बर्नार्ड शॉ 'डोन्ट', 'वोन्ट' असे शब्द मुद्दाम अ‍ॅपॉस्ट्रॉफीशिवाय लिहायचे, आणि 1925 सालचं साहित्याचं नोबेल त्यांच्या नावावर आहे.

मग आपल्याकडे हा कॉमा येतो कुठून? यासाठी फ्लेक्सच्या दुकानात जरा वेळ बसावं लागतं. मी मंडळाच्या कोजागिरीचा बॅनर करायला जेल रोडकडच्या एका दुकानात बसलो होतो. शेजारी एक पोरगा ठेल्याचा बोर्ड करून घेत होता. ऑपरेटरने 'मोमो' टाइप केलं, एस टाकला, मान तिरकी करून स्क्रीनकडे बघितलं आणि विचारलं, 'भिया, ऊपर वाला कॉमा लगा दूँ? ब्रांड जैसा लगेगा.' पोरगा लगेच हो म्हणाला. ब्रांड जैसा! त्याच्या डोळ्यांसमोर मॅकडोनल्ड्स, डॉमिनोज, हल्दीराम्स होते. ठेल्याच्या दांडीला लटकणाऱ्या लेजच्या पाकिटावरही तोच कॉमा. या सगळ्या नावांत तो मालकीचा आणि बरोबर आहे. मोठ्या दुकानांच्या नावात एसच्या आधी कॉमा असतो, हे पोराने नीट टिपलं होतं. बघून, तुलना करून त्याने नियम काढला, फक्त तो चुकीच्या शब्दाला लावला. याला अडाणी म्हणणाऱ्याने आधी सांगावं, स्टारबक्स आणि हॅरॉड्स यांच्या नावात अ‍ॅपॉस्ट्रॉफी का नाही.

पाचवा मुद्दा, 'अर्थाचा अनर्थ'. सराफ्यात रात्री खाऊगल्ली भरते, तिथे जाऊन बघा. तो बोर्ड वाचून 'मोमोचं काय? मोमोच्या मालकीचं नेमकं काय विकताय?' असं विचारणारं गिऱ्हाईक मला दाखवा. बोलताना तर अ‍ॅपॉस्ट्रॉफी ऐकूच येत नाही. 'बॉय'चं अनेकवचन, एका मुलाचं काही आणि पुष्कळ मुलांचं काही, हे तिन्ही उच्चार हुबेहूब एक. तरी इंग्रज शतकानुशतकं एकमेकांशी बोलतायत, भांडतायत, कोर्टात साक्षी देतायत.

लिखाणात मात्र एका जागी कॉमा खरंच महाग पडू शकतो, आणि मेसेजमध्ये नेमका तोच मुद्दा नाही. मृत्युपत्रात 'भावाच्या मुलांना' लिहायचंय की 'भावांच्या मुलांना', हे इंग्रजीत फक्त अ‍ॅपॉस्ट्रॉफी एसच्या आधी आहे की नंतर यावरून कळतं. एक भाऊ की सगळे भाऊ, घर कोणाकोणात वाटलं जाणार, सगळं त्या एका ठिपक्यावर. त्या कागदासाठी वकिलाला दोनदा वाचायला लावा. मोमोच्या प्लेटसाठी नको.

उरला तो कचऱ्याचा चिमटा. ठेल्याचा फ्लेक्स एकदा छापला की पोरगा तो फाटेपर्यंत वापरतो, कारण दुसरा छापायचा तर पैसे त्याच्याच खिशातून जाणार. फोटो काढून ग्रुपवर टाकल्याने त्याच्या बोर्डावरचा कॉमा हलत नाही, त्याला कळतसुद्धा नाही. छापण्याआधी ऑपरेटर गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर प्रूफ पाठवतो आणि 'ओके' आल्याशिवाय मशीन सुरू करत नाही. कॉमा फुकटात निघतो तो तेवढ्या वेळातच. ज्या काकांना इतकं सलतंय, त्यांनी गल्लीतल्या पोरांना सांगून ठेवावं: प्रूफ आलं की आधी मला पाठव रे.