कुणाचा गा तू?

माणूस गुहेत शिरतो आणि 33 वर्षं मागं निघतो, याला आमच्या घरात एकाचीही हरकत नाही. हरकत आहे ती, त्या गावात रोज एवढा पाऊस कोसळत असताना एकाच्याही हातात छत्री कशी नाही, याला.

मालिका 'डार्क'. नेटफ्लिक्सची पहिली जर्मन मालिका. 2017 ते 2020 मध्ये तिचे तीन सीझन आले, भाग एकूण 26. विंडेन नावाचं गाव, गावाला लागून जंगल, जंगलात गुहा, वर अणुवीज केंद्र. गुहेत 2019 ला शिरलेला माणूस बाहेर येतो तो 1986 मध्ये, आणखी नेट लावला तर 1953 मध्ये. ज्यांनी बघितली नाही त्यांनी पुढं वाचू नये, असं म्हणायची पद्धत आहे. वाचा खुशाल. बघितलेल्यांना तरी कुठं कळलीय.

हे खूळ घरात आणलं भाच्यानं. तो इंजिनिअरिंगला आहे, म्हणजे व्हीटीयू विद्यापीठाच्या मागच्या सेमिस्टरचे दोन पेपर अजून त्याची वाट बघतायत. "मामा, एकदा बघ की. डोकं फिरतंय." मी सोसायटीत कर्जवसुलीला असतो, डोकं फिरवून घ्यायला मला वेगळी मालिका लागत नाही. तरी बसलो. चुकलं ते एवढंच की टीव्ही हॉलमध्ये आहे, आणि बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या हॉलमध्ये एकट्यानं बसून काही बघता येईल अशी व्यवस्था बांधणाऱ्यानं ठेवलेली नाही.

पहिल्या भागाचं नाव पडद्यावर यायच्या आत आत्या आली. वय ऐंशीला टेकलेलं, पण बेळगाव, खानापूर, चंदगड, निपाणी या टापूतली कुणाची सोयरीक कुठं आहे हे तिला झोपेतून उठवून विचारावं. पाठोपाठ दाजी आले. ते उद्यमबागेत फौंड्रीत सुपरवायझर होते. रिटायर झाले, पण सुपरवायझरी सुटली नाही. मग शेजारच्या अक्का. त्या मूळच्या धारवाडकडच्या, घरात कन्नड, आमच्याशी मराठी, आणि भांडण रंगलं की दोन्ही. पडद्यावर जर्मन, खाली इंग्रजी अक्षरं, आणि या मंडळींसाठी भाच्याची धावती कॉमेंट्री: "हा त्याचा बा. खरं त्याला अजून म्हायीत न्हाई."

पहिलीच अडचण मिकेलची. अकरा वर्षांचं पोर गुहेपाशी हरवतं आणि 1986 मध्ये उगवतं. तिथं इस्पितळातली नर्स त्याला जवळ करते, घरी नेते, वाढवते. पोर तिथंच मोठं होतं, लग्न करतं, त्याला मुलगा होतो. हा मुलगा म्हणजे योनास, पिवळ्या रेनकोटवाला, आपला नायक.

"थांबव गा," आत्या म्हणाली. "त्या बाईनं इचारलं न्हाई? कुणाचा गा तू?"

भाचा म्हणाला, पोरानं सांगितलं की. बापाचं नाव उलरिख नीलसन म्हणून सांगितलं. खरं 1986 ला तो उलरिखच शाळेत जातोय, मग कोण विश्वास ठेवणार?

"मग नाक बघायचं," आत्या म्हणाली. "आजोळ इचारायचं. कुलदैवत इचारायचं. गल्ली इचारायची. एवढंसं गाव, आणि तेहतीस वर्षांत एका म्हातारीला वाटू नये की हे पोरगं नीलसनांच्या वळणाचं दिसतंय?"

यावर भाच्याकडं उत्तर नव्हतं. माझ्याकडंही नाही. आत्याचं म्हणणं असं, की बसवण कुडचीत किंवा हलग्यात हा प्रकार झाला असता तर मालिका पहिल्याच भागात मिटली असती. नळावरच्या बायकांनी दुपारच्या आत त्या पोराचा बाप, आजा आणि मागच्या चार यात्रांतली भांडणं काढली असती. काळातून प्रवास करता येतो, हे तिला मान्य आहे. चौकशी न करता पोर सांभाळणारी बाई मान्य नाही.

पावसाचं मी वर सांगितलंच. बेळगावचा माणूस दुसऱ्या कशात नसला तरी पावसात तज्ज्ञ असतो. जुलैत आमच्याकडं शेगडीवर टोपलं उपडं घालून त्यावर बनियन वाळवतात, आणि दुसऱ्या दिवशी माणूस ऑफिसात धुराचा वास घेऊन जातो. विंडेनमध्ये सगळे चिंब भिजतात आणि पुढच्या दृश्यात तोच कोट कोरडा. योनासकडं रेनकोट आहे, पण टोपी मागं टाकलेली. "पडसं नाही, खोकला नाही," अक्का म्हणाल्या, "आणि आई विचारत नाही, बाळ, डोकं पुसलंस का." अक्कांनी त्या आईला, हानाला, तिथंच नापास केलं. तिची बाकीची लक्षणं पुढं कळायची होती.

दाजींचा राग अणुवीज केंद्रावर. त्या केंद्राचा कचरा पिवळ्या पिपांत भरून गुहेत दडवलेला असतो, आणि पोलिसांचा वास लागताच ती पिपं ट्रकमध्ये चढवून हलवतात. दाजी उठून उभेच राहिले. "आमचं कैगा बघा. त्याचं एक युनिट 2018 च्या शेवटी बंद केलं तेव्हा 962 दिवस न थांबता चाललेलं होतं. तेव्हा जगात रेकॉर्ड. अशी पिपं घेऊन फिरत बसले असते तर झालं असतं का?" कैगा कारवारकडं, आम्हाला त्यातली एक तारही दिसत नाही, पण दाजी 'आमचं' म्हणताना असं म्हणतात की बेअरिंगला ग्रीस त्यांनीच लावलं असावं. मग पिपाचं वजन किती, ते दोन माणसांना उचलेल का, ट्रकचे पाटे का दबले नाहीत यावर अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासात पडद्यावर एक खून झाला. कुणाचा ते मला आजही माहीत नाही.

33 वर्षांचा आकडा मात्र आत्यानं हातात घेतला. मालिकेत एक घड्याळजी सांगतो की दर 33 वर्षांनी सूर्य आणि चंद्र यांचा मेळ बसतो. भाच्यानं लगेच मोबाईलवर गणित मांडलं: चांद्र वर्ष 354 दिवसांचं, सौर वर्षाशी फरक अकराएक दिवसांचा, तो साचत साचत 33 वर्षांत वर्षभराचा होतो. त्याचा चेहरा एखादा बॅकलॉग सुटल्यासारखा खुलला. आत्या म्हणाली, "म्हणजे हेनी तेहतीस वर्षं उधारी तुंबवून ठेवली. आमच्यात तीन वर्षांच्या आत अधिक महिना घालून हिशेब मिटवतेत. तुंबल्यावर गुहा फुटणारच." आणि मग दाजींकडं वळून, "जावईबापू, धोंड्याच्या महिन्यात तुम्हाला तेहतीस अनारसे उगंच देतेत काय?"

मालिकेच्या लेखकांनी जगभर मुलाखती दिल्या असतील, पण अनारशाचा मुद्दा त्यांच्या ध्यानात आला नसणार. दाजींनी तेव्हापासून आकड्यावर शंका घेतली नाही.

पडद्यावर '1986' अशी अक्षरं उमटली की मात्र आमच्या घरात मालिका आपोआप बंद पडते. टीव्ही चालू असतो, बघत कुणी नाही. 1986 चा जून बेळगावात कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनाचा. गोळीबार झाला, माणसं गेली, आणि त्या दिवसांबद्दल आत्याच्या बोलण्यात विनोद नसतो. पण त्याच जूनमध्ये छगन भुजबळ दाढी लावून, वेष पालटून बेळगावात शिरले होते, ही गोष्ट निघाली की ती पुन्हा खुलते. भाच्याचा विश्वास बसेना. "दाढी लावून? खरंच? असं कुठं असतंय?" म्हणजे बघा, उलरिख 2019 मधून चालत 1953 ला जातो ते या पोराला पटतं, आणि माणूस खोटी दाढी लावून गोव्याकडनं बेळगावला येतो ते पटत नाही. अक्का तेव्हा नुकत्या लग्न होऊन इथं आल्या होत्या. त्यांना त्या जूनबद्दल काय वाटलं हे आम्ही इतक्या वर्षांत विचारलेलं नाही, त्यांनीही सांगितलेलं नाही. त्या उठून चहा टाकतात.

दुसऱ्या सीझनला भाच्याचे मित्र यायला लागले. हे खरे भक्त. त्यांच्यात दोन तट. एकाचं म्हणणं, योनास हे पात्रच पटत नाही, कारण तो तीच चूक पुन्हा पुन्हा करतो; सगळं ठाऊक असून तसाच वागतो; त्याच फेऱ्यात गोल फिरतो. दाजींनी चष्मा काढला. "1956 ला राज्यं पाडली. 1967 ला सीमाप्रश्नावर महाजन अहवाल आला. 2004 ला दावा सुप्रीम कोर्टात गेला. दर 1 नोव्हेंबरला आम्ही काळ्या फिती लावतो आणि पलीकडच्या रस्त्यावर राज्योत्सवाची मिरवणूक निघते. दरवर्षी. तेच रस्ते, तेच पोलीस. आणि तुला गोल फिरणं पटत नाही?" तो मुलगा गप्प झाला. दुसऱ्या तटानं टाळ्या वाजवल्या.

माझी स्वतःची तक्रार वेगळी आहे, पण ती मांडायला मला कुणी संधी देत नाही, म्हणून इथं मांडतो. या मालिकेत कुणीही कुणाला काहीही सांगत नाही. भविष्यातून आलेला माणूस दारात उभा राहतो, समोरचा रडकुंडीला येऊन विचारतो, काय होणार आहे? आणि हा म्हणतो, "वेळ आली की कळेल," आणि पावसात निघून जातो. वसुलीच्या धंद्यात मी हे वाक्य फार ऐकलंय. माझा त्यावर विश्वास नाही.

पण या सगळ्याच्या वर नाती. मिकेल हा योनासचा बाप, हे आत्यानं पचवलं. मग मिकेलची बहीण मार्टा कोण? योनासची आत्या. आणि योनास प्रेम कुणावर करतो? मार्टावर. आमची आत्या क्षणभर काहीच बोलली नाही. मग न्यायाधीश निकाल देतो तशी सावकाश म्हणाली, "मामाची पोर चालतेय. आत्याची पोर आमच्यात चालत न्हाई, अक्कांच्यात चालतेय. खरं खुद्द आत्या?"

"आमच्यातसुद्धा नाही," अक्कांनी घाईनं सांगितलं. अक्कांचे यजमान हे त्यांचे सख्खे मामा, त्यामुळं या विषयातला त्यांचा शब्द शेवटचा धरतात.

हानाचे उलरिखशी संबंध, म्हणजे चक्क सासऱ्याशी, हे कळलं तेव्हा अक्कांनी 'आई ग' आणि 'अय्यो' एकाच श्वासात म्हटलं. पण कळस शार्लटचा. ही विंडेनची पोलीसबाई. तिची धाकटी मुलगी एलिझाबेथ. एलिझाबेथ मोठी होते, तिला मुलगी होते, ते तान्हं बाळ कुणीतरी पळवून जुन्या काळात नेऊन ठेवतं, आणि ते बाळ म्हणजेच शार्लट. आई लेकीची लेक, लेक आईची आई.

भाचा याला पॅराडॉक्स म्हणतो. आत्यानं फक्त एवढंच विचारलं: "पहिलं बाळंतपण माहेरी असतंय. मग कुणी कुणाकडं जायचं?"

हॉलमध्ये सन्नाटा. इंजिनिअरिंगची चार पोरं, फौंड्रीत उभा जन्म काढलेला एक माणूस, कुणाला उत्तर येईना. आत्या थांबली नाही. योनासला पुढं मार्टापासून मुलगा होतो, त्या मुलाचा मुलगा उलरिखचा बाप होतो. म्हणजे योनासचा मुलगा हाच योनासचा खापरपणजोबा. "सर्वपित्रीला ह्यांनी कुणाचं पान वाढायचं? आणि कावळा शिवायचा कुणासाठी?"

तिसऱ्या सीझनमध्ये दुसरं जग येतं. तेच गाव, तीच माणसं, पण तिथं योनास जन्मलेलाच नाही आणि पिवळा रेनकोट मार्टाच्या अंगावर. भाच्याच्या मित्रांनी इथं फार मोठा वाद घातला. इथंच मालिका घसरली असं अर्ध्यांचं मत. दाजींना काहीच खटकलं नाही. एक गाव, दोन जगं, आणि कुठलं गाव कुठल्या जगातलं यावर मारामारी. त्यांनी हात हलवून पुढचा भाग लावायला सांगितलं. शेवटी तो घड्याळजी बंकरमध्ये एकटा बसून यंत्र बनवतो तेव्हा मात्र ते पुन्हा उठले. "एवढं मशीन! सिंगल फेजवर चाललं? लोड सँक्शन करून घेतला होता काय?"

यंत्र का बनवतो, ते आत्याला फार आवडलं. बापाशी भांडून मुलगा रात्रीच्या पावसात बायको-पोरीला घेऊन गाडीतनं निघतो आणि अपघात होतो. सगळ्या 26 भागांत तिला पटलेली ही एकमेव गोष्ट. "हे खरं हाय," ती म्हणाली. "घरातलं भांडण. बाकी समदं त्येच्यावरनं."

दुसऱ्या दिवशी तिनं एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर सगळी वंशावळ स्वतः काढली. बाणांवर बाण, एलिझाबेथकडून शार्लटकडं आणि शार्लटकडून परत एलिझाबेथकडं. भाच्यानं ती फ्रिजवर चिकटवली. पुढच्या आठवड्यात खानापूरकडच्या एक मावशी आल्या. त्या लग्नं जमवतात, आणि फ्रिजवरचा कागद कुठलाही असो, आधी वाचतात. बराच वेळ त्या बोटानं बाण गिरवत उभ्या राहिल्या.

"लईच जवळजवळची नाती हायती की ओ," त्या म्हणाल्या. "हेंच्यात कोण लग्नाचं हाय काय?"

"एक पोरगा हाय," आत्या म्हणाली. "दिसायला बरा, बोलतोय कमी, पिवळा रेनकोट घालतोय. खरं त्येच्या आत्येच्या मागं लागलाय."

मावशींनी पिशवीतनं डायरी काढली. "शिक्षण काय झालंय?"