बीटलचा स्टिअरिंग कपलर : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

चाळीस वर्षं गाडी चालवतोय असं तुम्ही लिहिलंय, म्हणून काका म्हणतो. माझ्या फोक्सवॅगन बीटलचा स्टिअरिंग कपलर, म्हणजे स्टिअरिंगचा दांडा आणि स्टिअरिंग बॉक्स यांना जोडणारी रबरी चकती, बदलल्याच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की स्टिअरिंग बॉक्सवरचा (स्टिअरिंगचं फिरणं चाकांकडे पोचवणाऱ्या गिअरच्या पेटीवरचा) स्क्रू थोडा आवळला असता तर माझ्या १९६६च्या बीटलच्या स्टिअरिंगचा प्ले (चाकं न वळता स्टिअरिंग मोकळं फिरणं) पाच मिनिटांत गेला असता. कपलर बदलायचाच होता, तर नाशिकच्या द्वारकेजवळचे तुमचे मिस्त्री ट्रकच्या जुन्या टायरची चकती कापून २०० रुपयांत बसवून देतात. आणि कपलर बदलताना पेट्रोलची टाकी उतरवल्याचे फोटो टाकून मी लोकांना उगाच घाबरवलं.

टाकीचं तुमचं बरोबर आहे. चाक काढून खालून हात घातला तरी कपलरपर्यंत पोचता येतं, हे मी लिहायला हवं होतं. मला कपलरचे चारही बोल्ट डोळ्यांनी बघून आवळायचे होते, म्हणून टाकी काढली. तेवढी सुधारणा लेखात आजच करतो.

स्क्रूबद्दल मात्र मला मान्य नाही, आणि हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. त्र्यंबक रोडला गाडी सरळ ठेवायलाही स्टिअरिंग सारखं डावी-उजवीकडे करावं लागत होतं. मीही आधी बॉक्सलाच दोष दिला होता. मग गाडी चारही चाकांवर उभी ठेवली. मुलाला सीटवर बसवून स्टिअरिंग थोडं थोडं हलवायला सांगितलं आणि मी टॉर्च घेऊन पुढे वाकलो. कपलरचा वरचा फ्लँज (चकती जिला बोल्टने जोडतात ती धातूची पट्टी) फिरत होता, रबर पिळवटत होतं आणि खालचा फ्लँज मागाहून हलत होता. बॉक्समधून बाहेर येऊन चाकांकडचे दांडे ढकलणारा ड्रॉप आर्म मात्र खालच्या फ्लँजबरोबर लगेच हलत होता. म्हणजे बॉक्स ठीक होता. खालचा फ्लँज हलूनही आर्म जागचा हलला नसता, तर बॉक्सचा दोष. आर्म हलून चाक हललं नसतं, तर टाय रॉड एंड, म्हणजे चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांच्या टोकाचे सांधे, बघायचे.

अशा वेळी बॉक्स आवळला तर काय होतं? गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, त्यामुळे बॉक्समधला वर्म (मळसूत्री गिअर) मधल्या भागात जास्त झिजतो, कडेला कमी. मधला प्ले संपेपर्यंत स्क्रू आवळला की वळताना वर्मवर फिरणारा रोलर कडेच्या न झिजलेल्या भागात अडकतो. स्टिअरिंग जड होतं आणि वळणानंतर आपोआप सरळ येत नाही. कसारा घाटात एक वळण संपायच्या आत दुसरं सुरू होतं. तिथे चाक हातात अडकलं तर काय, याचा विचार करा काका. आणि इतकं करून फाटलेलं रबर आत तसंच राहतं.

आता टायरची चकती. मिस्त्रींच्या हाताला मी नावं ठेवत नाही. नाशिकमध्ये सातपूर-अंबडच्या कारखान्यांत हात बसलेले कारागीर आहेत, त्यांच्याकडून मी स्वतः बरीच कामं करून घेतली आहेत. पण कपलरची चकती म्हणजे नुसतं रबर नव्हे. त्यात कापडाचे थर असतात, आणि चारही भोकांवर येणारा ताण सगळीकडे सारखा वाटला जावा अशी ती बनवलेली असते. टायरमधले धागे टायरच्या गरजेप्रमाणे ठरावीक दिशेला घातलेले असतात. त्यातून गोल चकती कापली की एका बाजूला ती ताठ राहते, दुसऱ्या बाजूला ताणते. कापलेल्या भोकाच्या कडेने धागे उसवायला लागतात. वरून काही दिसत नाही, भोक मात्र लंबगोल होत जातं. दोन बोल्ट वरच्या फ्लँजला, दोन खालच्या, आणि मधे ही एकच चकती. माझ्या हातातलं चाक आणि रस्त्यावरची चाकं यांना जोडणारं तिथे दुसरं काही नाही. इथे मी पैसे वाचवणार नाही.

गाडी कमी चालते म्हणून कपलर टिकेल, असंही तुम्ही लिहिलंय. माझी गाडी काही वर्षं शेडमध्ये उभीच होती. रबर वयानेही कडक होतं आणि त्याला भेगा पडतात, किलोमीटर वाढले नाहीत तरी.

कपलर बदलताना काही गोष्टी सांभाळा. उघडण्याआधी शाफ्ट आणि फ्लँजवर रंगाची खूण करा, नाहीतर गाडी सरळ आणि स्टिअरिंग तिरकं असा प्रकार होतो. चकती सपाट बसली पाहिजे, कॉलमचा दाब तिच्यावर यायला नको. लॉकिंग नट नवे घ्या. आणि कपलरवरून जाणारी छोटी वायर जोडायला विसरू नका, हॉर्नला अर्थिंग तिच्यातूनच मिळतं.

येत्या रविवारी सकाळी मी गंगापूर रोडला घरीच आहे, गाडी घेऊन या. मुलगा स्टिअरिंग हलवेल, आपण दोघं पुढे वाकून बघू. तुमच्या गाडीत टायरची चकती बसवलेली असेल तर ती आधी काढून टाकू नका, आहे तशीच येऊ द्या. भोकं कशी झालीत ते तुमच्यासमोरच मोजू.