मजुरी कापणाऱ्याचं तारण होतं का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

काका, नमस्कार. ‘तारण कृपेने, विश्वासाने, कर्मांनी नव्हे’ (म्हणजे पापातून सुटका देवाच्या कृपेने मिळते, आपल्या चांगल्या कामांनी नाही) असं मी मागच्या लेखात लिहिलं, त्यावर तुम्ही चांगलंच झापलंत. तुमचं म्हणणं असं: ही शिकवण म्हणजे पापाला मोकळं रान. टॉवेल कारखान्याचा मालक रविवारी पहिल्या बाकावर बसतो, सोमवारी बायकांची मजुरी कापतो, आणि वर म्हणतो, माझं तारण झालंय. जोडीला बायबलमधलं मत्तय 7:21 : ‘प्रभू, प्रभू’ म्हणणारा प्रत्येक जण स्वर्गाच्या राज्यात जाणार नाही.

त्या मालकाबद्दलचा तुमचा राग रास्त आहे. पण 21वं वचन वाचून थांबू नका, पुढचं 22वं वाचा. तिथे नाकारली जाणारी माणसं येशूपुढे काय मांडतात? कामंच! तुझ्या नावाने संदेश दिला, भुतं काढली, अद्भुतं केली. म्हणजे विश्वासाची नुसती बडबड तिथे चालत नाही, तशी कर्मांची यादीही चालत नाही.

तुम्ही याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्यायही पुढे केलात: कर्मांवाचून विश्वास मेलेला आहे. कृपेवर एवढा भर देणाऱ्या प्रोटेस्टंट सुधारक लूथरलाही हे पत्र अवघड गेलं होतं. 1522च्या प्रस्तावनेत त्याने त्याला चक्क गवताचं, म्हणजे हलकं, पत्र म्हटलं. मला मात्र ‘कर्मांनी नव्हे’ म्हणणारा प्रेषित पौल आणि याकोब यांच्यात भांडण दिसत नाही. दोघांचा साक्षीदार एकच, अब्राहाम. पौल उत्पत्तीच्या 15व्या अध्यायावर बोट ठेवतो: अब्राहामाने विश्वास ठेवला आणि तो नीतिमान गणला गेला. तेव्हा सुंता नव्हती (ती 17व्या अध्यायात), त्याचा मुलगा इसहाक जन्मलाही नव्हता. याकोब 22व्या अध्यायाकडे, देवाच्या आज्ञेवरून अर्पणासाठी वेदीवर ठेवलेल्या इसहाकाकडे जातो आणि म्हणतो, तो आधीचा शास्त्रलेख इथे पूर्ण झाला. मधे कितीतरी वर्षं गेली. आज्ञापालन आलं, पण मागून आलं. पौल तर रोमकरांच्या पत्राच्या सुरुवातीलाच विश्वासाच्या आज्ञापालनाबद्दल बोलतो, तेव्हा त्याने आज्ञा मोडीत काढल्या असं म्हणता येणार नाही.

हा क्रम उलटा केला की कोण भरडलं जातं, तेही बघा. मालक नाही. आपल्या सोलापूरच्या चर्चमधली विडी वळणारी ताई भरडली जाते. मांडीवर सूप, त्यात पानं, तंबाखू, दोरा. हजार विड्या भरेपर्यंत उठायची सोय नाही. बुधवारच्या प्रार्थनेला जमत नाही, म्हणून तिला वाटत राहतं की कारखान्यातला तपासणारा विड्या बाजूला टाकतो तसा देव आपल्याला टाकेल. तिला मी ‘अजून आज्ञा पाळ’ म्हणून सांगू? माझ्याने होणार नाही.

(लूथरन आणि कॅथलिक या मुद्द्यावर शतकानुशतकं भांडले. ट्रेंटच्या कॅथलिक धर्मसभेचा निर्णय 1547चा, आणि नीतिमान ठरण्याबद्दलच्या संयुक्त घोषणेवर ऑग्सबुर्गला सह्या झाल्या 1999 साली! आपण दोघं एका प्रतिक्रियेत काय मिटवणार.)

आता तुमचा खरा प्रश्न : त्या मालकाचं तारण झालंय का? त्याच्या काळजात काय आहे ते मी बघू शकत नाही. पण याकोब 5:4 त्याच्यासमोर उघडून ठेवता येतं; अडकवलेली मजुरी ओरडते आहे, असं तिथे लिहिलंय. आणि लोकांना लुबाडणारा जकातदार जक्कय आहेच. येशू त्याच्या घरी गेला तेव्हा त्याने एक पैसाही परत केलेला नव्हता. पण येशू समोर असतानाच तो उभा राहिला आणि बोलला : अर्धी मालमत्ता गरिबांना, लुबाडलेल्यांना चौपट. तेव्हा त्या गृहस्थांना पाळकसाहेबांनी एवढंच विचारावं: येशू तुमच्या घरी आलाय म्हणता, मग प्रभुभोजनाला बसायच्या आधी मजुरीचं रजिस्टर बाहेर काढता का?