सावधान म्हटल्यावर मान कुठे असते, सर?

सर, तुमची कमेंट दोनदा वाचली. पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला होता म्हणून मुद्दामच लगेच उत्तर दिलं नाही, आज निवांत बसून लिहितेय, थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

ज्यांनी सरांची कमेंट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सर ३१ वर्षं पीटीचे शिक्षक होते, शाळेचं झेंडावंदन तेच घ्यायचे. मी आमच्या सोसायटीतल्या १५ ऑगस्टवर जी पोस्ट टाकली त्यात लिहिलं होतं की राष्ट्रगीताला उभं राहायलाच हवं असं कुठल्याही नियमात नाही. सरांचं म्हणणं, हे चूक आहे आणि असं लिहून मी पोरांना बिघडवतेय. जो बसून राहतो त्याला तिथल्या तिथे टोकलंच पाहिजे, जो तोंड हलवत नाही त्यालाही, आणि प्रतिज्ञेला हात पुढे केला नाही तर ती प्रतिज्ञाच नाही.

पहिल्या मुद्द्यावर तुम्ही बरोबर आहात, मी घाईत लिहिलं. गृह मंत्रालयाच्या राष्ट्रगीताबद्दलच्या सूचनांमध्ये स्पष्ट आहे की राष्ट्रगीत गायलं किंवा वाजवलं जात असेल तर उपस्थितांनी सावधान स्थितीत उभं राहावं. माझ्या डोक्यात १९७१ चा कायदा होता, राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानाचा, आणि मी दोन्हींची खिचडी केली. त्या कायद्यात शिक्षा कशाला आहे तर जाणूनबुजून राष्ट्रगीत गाण्यापासून रोखणं किंवा ते गाणाऱ्या सभेत गोंधळ घालणं, त्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. नुसतं बसून राहणं त्या कलमात लिहिलेलं नाही. म्हणजे उभं राहणं अपेक्षित आहेच, पण 'बसला की आत टाका' असं जे तुम्ही लिहिलंय तसं ते नाहीये.

आता गंमत बघा, मंत्रालयाच्या त्याच सूचनांमध्ये असंही आहे की सिनेमाच्या आत, एखाद्या बातमीपटात वगैरे राष्ट्रगीत आलं तर प्रेक्षकांनी उभं राहणं अपेक्षित नाही, कारण त्याने मान वाढण्याऐवजी गोंधळच होईल. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. थिएटरचं तर तुम्हाला माहीतच आहे, सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०१६ ला खेळाआधी राष्ट्रगीत सक्तीचं केलं, आणि जानेवारी २०१८ ला तेच ऐच्छिक केलं. मधल्या काळात काय काय झालं ते आपण सगळ्यांनी बातम्यांत पाहिलंय, ज्याला उठताच येत नाही अशा माणसालाही लोकांनी सोडलं नाही, शेवटी अपंगांना सूट आहे हे कोर्टाला वेगळं सांगावं लागलं.

आणि माझी पोस्ट मुळात त्याबद्दलच होती हो! आमच्याकडचे एक काका गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे खुर्चीत बसले होते, पाठ ताठ, हात मांडीवर, आणि सगळ्यांपेक्षा खणखणीत आवाजात गात होते. 'विंध्य हिमाचल'ला पोचलो आणि कमिटीतल्या एकांनी मागून आवाज दिला, "ओ काका, उठा की!" झालं, चाळीस माना मागे वळल्या, पोरांचं गाणं तुटलं, निम्मी हसायला लागली, काका उठायला गेले तर प्लॅस्टिकची खुर्ची सरकली, त्यांना धरायला दोघं धावले आणि 'जय हे' म्हणायला स्पीकरशिवाय कोणीच उरलं नाही. पूर्ण राष्ट्रगीताला साधारण ५२ सेकंद लागतात. तेवढा वेळ त्या गृहस्थांना गप्प राहता आलं नाही. आता तुम्हीच सांगा, सभेत गोंधळ कोणी घातला?

सर, सावधान कसं असतं हे मी तुम्हाला सांगणं म्हणजे फारच झालं, पण माझ्या शाळेत आम्हाला जे शिकवलं ते अजून पाठ आहे. टाचा जुळलेल्या, मुठी बंद, अंगठे शिवणीला, नजर समोर. नजर समोर! शेजारचा उभा आहे का, ओठ हलवतोय का, मोबाईल बघतोय का हे तपासायला मान वळवली की सावधान मोडलं. आपल्या पीटीच्या सरांनी तेव्हा पाठीत धपाटा घातला असता, आणि तो मान वळवणाऱ्यालाच बसला असता. नंतर, सगळं संपल्यावर, पोरांना बाजूला घेऊन समजवा की, त्याला कोणाचीच ना नाही. मीही समजावते.

तोंड न हलवणाऱ्यांचं म्हणाल तर त्यावर १९८६ मध्येच निकाल लागलाय. केरळमधली तीन भावंडं राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची पण धार्मिक श्रद्धेमुळे गायची नाहीत, शाळेने काढून टाकलं, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि कोर्टाने मुलांच्या बाजूने निकाल दिला, उभं राहून न गाणं हा अनादर नाही म्हणून. तुम्हाला पटेलच असं नाही पण ते आहे.

प्रतिज्ञेकडे येते, कारण इथे मलाही शोधताना नवीन काहीतरी सापडलं. आपण 'भारत माझा देश आहे' म्हणतो ती राष्ट्रीय प्रतिज्ञा, मूळ तेलुगूत पी. व्ही. सुब्बाराव यांनी १९६२ साली लिहिलेली, तिच्यात झेंड्याचा उल्लेखच नाहीये, आठवून बघा. झेंड्याची प्रतिज्ञा वेगळी आहे, एका वाक्याची, राष्ट्रध्वज आणि तो ज्याचं प्रतीक आहे त्या प्रजासत्ताकाशी निष्ठा, आणि ध्वजसंहितेत शाळांसाठी ती म्हणायची पद्धत दिलीये, हात जोडून उभं राहून. जोडून! पुढे करून नाही. अमेरिकेतही पूर्वी मुलं झेंड्याच्या प्रतिज्ञेला हात पुढे करायची, तो हात नाझी सलामीसारखा दिसायला लागला म्हणून १९४२ मध्ये त्यांनी तो बंद केला आणि छातीवर हात आणला. आपल्याकडे आपण राष्ट्रीय प्रतिज्ञेला हात पुढे करतो ती शाळाशाळांतून चालत आलेली रीत, मीही दहा वर्षं तसाच हात धरलाय (आणि शेवटच्या ओळीपर्यंत तो खाली यायला लागायचा), मला ती आवडते पण, न करणाऱ्याची प्रतिज्ञा खोटी कशी म्हणायची?

छातीवर हात ठेवणाऱ्यांना मी पोस्टमध्ये 'हॉलिवूडवाले' म्हटलं, त्याबद्दल तुम्ही मला दुटप्पी म्हणालात. मान्य. दुसऱ्यांच्या माना मोजू नका म्हणणारी मीच दुसऱ्यांचे हात मोजत होते. ते वाक्य आत्ता काढलं, आणि 'कुठल्याही नियमात नाही' हेही दुरुस्त केलंय, खाली तारीख टाकून.

एक विचारायचं होतं. पहिलीतली पोरं ५२ सेकंद न चुळबुळता कशी उभी करायचात तुम्ही? २६ जानेवारीला आमच्या सोसायटीतली बच्चे कंपनी माझ्या गळ्यात पडलीये, काही युक्ती असेल तर नक्की लिहा.