मीटरगेज म्हणजे मागास, असं आमचा दादा म्हणतो

परवा फॅमिली ग्रुपवर कोणीतरी महू-खंडवा लाइनचा जुना फोटो टाकला, तर दादाचं लगेच उत्तर, "ब्रॉडगेज होतंय तर होऊ द्या ना, रडता काय, मीटरगेज म्हणजे मागासलेपण." मी तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये कूरच्या स्टेशनवर उभी आणि समोर सेंट मॉरिट्झची लाल गाडी लागलेली. तीपण मीटरगेजच आहे, दादा! रुळांमधलं अंतर तेवढंच एक मीटर, वर २००८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. शाळेची पोरं, स्कीवाले, मिग्रो सुपरमार्केटची पिशवी घेतलेल्या आज्ज्या, सगळे तिनंच जातात.

आणि आपली लाइन काय साधी होती का? तुकोजीराव होळकरांनी इंग्रजांना १ कोटी कर्ज दिलं, साडेचार टक्क्यांनी, १०१ वर्षांसाठी, तेव्हा खंडव्याहून इंदूरला रेल्वे आली. शाळेत हे कोणी सांगितलं नाही, आम्हाला सनावळ्या पाठ करायला पानिपत.

आमच्यासाठी ती गाडी म्हणजे मीनाक्षी एक्सप्रेस. जयपूरहून इंदूर, महू, खंडवा, अकोला करत काचीगुड्याला जायची, आणि आमची आत्या अकोल्याची. परतताना कालाकुंडला घाटासाठी मागून दुसरं इंजिन लावायचे, तेवढ्यात बाबा खाली उतरून पळसाच्या पानावरचं कलाकंद घ्यायचे, आई खिडकीतून ओरडतेय, आणि इंजिन लागलं की असा धक्का बसायचा की कलाकंद तोंडाऐवजी नाकाला.

मग तुकड्या-तुकड्यानं सगळं बंद. २०१७ ला अकोला-खंडवा, २०२३ ला महू-ओंकारेश्वर. मधे मेळघाटचा वाद, वाघांच्या जंगलातून रूळ न्यायचे की बाहेरून, शेवटी बाहेरून ठरलं. त्यावरही दादा चिडलेला, वाघांपायी आमची गाडी अडवली म्हणे. पातालपाणी-कालाकुंड हेरिटेज ट्रेन आहे, पण ती सेल्फीवाल्यांची, तिनं आत्याकडे थोडंच जाता येतं.

मी तावातावानं लिहिलं, "आम्ही इथे गोटहार्डला डोंगराखालून ५७ किलोमीटरचा बोगदा काढला, तुमच्यानं एक घाट होत नाही?"

दादानं विचारलं, "आम्ही म्हणजे कोण?"

बी परमिटवाली, म्हणजे इथं राहायची मुदतीची परवानगी असलेली मी. हाल्बटाक्स, म्हणजे अर्ध्या तिकिटाचं कार्ड, असूनही तिकीट बघून दोनदा विचार करणारी. दरवर्षी ऑफिसमध्ये कोणीतरी विचारतं, ख्रिसमसला घरी जाणार ना, आणि मी हो म्हणते आणि मनात ठरत नाही की कुठलं घर.

त्याचा पुढचा मेसेज, "मीनाक्षीत शेवटची कधी बसलीस?"

दहावीच्या सुट्टीत. पुढे कॉलेजात गाडी चालू असूनही मी एसी बसनं जायचे. त्या डब्यांना वास यायचा, आणि मैत्रिणींना सांगायला लाज वाटायची की आपण अजून छोट्या लाइननं फिरतो. हे ग्रुपवर नाही लिहिलं. डिसेंबरमध्ये येतेय, आत्याकडे अकोल्याला जायचंय, म्हणून दादाकडे टॅक्सीवाल्याचा नंबर मागितला. त्यानं नंबर पाठवला, खाली एक हसरा चेहरा.